ऑडी टीटीच्या चार स्पार्क प्लगांविषयी

मालवण

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले प्लगांचे फोटो काल रात्री मोठे करून पुन्हा पुन्हा बघितले. फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. गिऱ्हाईक म्हणतं, इरिडियमचे प्लग एक लाख किलोमीटर चालतात असं मी वाचलंय, मग रिमॅपनंतर (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलल्यावर) पंधरा हजारांतच गाडी मिसिंग कशी मारायला लागली, मधेच ठिणगी चुकून धक्के का देते? तुम्ही डुप्लिकेट माल घातलात. तू माल नीट पारखून घेतोस हे मला माहीत आहे, त्यामुळे ते बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं, आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे प्लगच्या खोक्यावरचं किंवा मॅन्युअलमधलं आयुष्य हे कंपनीतून निघाली तशा इंजिनाचं असतं. त्याची ऑडी टीटी 230 हॉर्सपॉवरची. तुम्ही रिमॅप केला, डाउनपाईप (टर्बोमागचा एक्झॉस्टचा नळा) बदलला, मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) बसवला, आणि गाडी 300 च्या आसपास गेली. आता तो आकडा त्या इंजिनाला लागू नाही. प्लग तोच असला तरी त्याच्यावरचं काम वेगळं झालं.

काम किती, ते एकदा त्याच्यासमोर मांडून दाखव. गाडी ताशी साठच्या वेगाने दोन हजार आरपीएमवर चालली, तर एका किलोमीटरला एका प्लगमधून हजार ठिणग्या पडतात. पंधरा हजार किलोमीटर म्हणजे दीड कोटी. सहा हजार आरपीएमवर तर सेकंदाला पन्नास. दर ठिणगीला इलेक्ट्रोडचा अगदी बारीकसा कण जातो. इरिडियम 2446 अंशांना वितळतं, प्लॅटिनम 1768 ला, निकेल 1455 ला. म्हणून इरिडियम जास्त टिकतं, पण झिजत नाही असं नाही. आणि ठिणगी जेवढी जोरात मारावी लागते तेवढी झीज जास्त.

ती जोरात का मारावी लागते, तर दाबामुळे. ठिणगीला जी फट ओलांडायची असते त्या फटीतली हवा जितकी दाबलेली, तितकं व्होल्टेज जास्त लागतं. साध्या गाडीत सावकाश चालताना दहा हजार व्होल्टच्या आसपास भागतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवलेल्या इंजिनात पूर्ण एक्सलरेटर दाबला की तीच मागणी तीस हजारांकडे जाते. त्यात प्लग झिजला, गॅप म्हणजे ती फट वाढली, की मागणी आणखी वर. मग एक दिवस हे व्होल्टेज बनवणाऱ्या कॉइलला ते झेपत नाही, नेमकं चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी अडखळते, आणि खाली हळू चालवताना मात्र सगळं ठीक. तुझ्या गिऱ्हाइकाची तक्रार हुबेहूब हीच आहे. प्लग त्या अर्थाने मेलेला नाही. ओरिजिनल इंजिनात तोच प्लग अजून बरेच दिवस चालला असता.

म्हणून टर्बोवाल्या गाडीत बूस्ट वाढवला की गॅप कमी करतात. कंपनीची 0.8 असेल तर 0.7, कधी 0.6 मिलीमीटर. फार कमी केलीस तर ठिणगी लहान पडते आणि आयडलला इंजिन थरथरतं. गॅप करताना इरिडियमच्या मधल्या बारीक सुईला फिलर गेजने कधी रेटायचं नाही, ती तुटते. वाकवायचा तो फक्त बाहेरचा पट्टा, तोही गॅपच्या टूलने. हे तुला येतं, पण तुझ्या हाताखालची पोरं घाईत काय करतात ते बघ.

आता उष्णता. तुमच्या दुकानात बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. प्लगचं चिनीमातीचं नाक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर राहिलं पाहिजे, तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. आणि साडेआठशेच्या खाली राहिलं पाहिजे, नाहीतर ते नाकच निखारा होऊन ठिणगीच्या आधी पेट्रोल पेटवतं. या दोन आकड्यांच्या मधे प्लगला जगायचं असतं. कढईतल्या पळीचा दांडा लांब असला की धगीचा चटका हाताला उशिरा बसतो, तसं लांब नाकाच्या प्लगमधली उष्णता हेडपर्यंत (सिलिंडरवरच्या झाकणापर्यंत) उशिरा पोहोचते आणि टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. आखूड नाकाचा तो थंड. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, 6 पेक्षा 7 थंड. बॉशमध्ये बरोबर उलटं. दोन्ही ब्रँड एकाच कपाटात ठेवता ना? मग कपाटाच्या दारावर हे मोठ्या अक्षरांत लिहून लाव.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, क्रँकच्या फिरण्यातल्या दहा अंशांनी पुढे (लवकर) नेली तर टोकाचं तापमान सत्तर ते शंभर अंशांनी वाढतं, आणि प्लगच्या आकड्याची एक पायरी म्हणजे साधारण तेवढाच फरक. पॉवरच्या हिशेबाने बोलायचं तर दर पंच्याहत्तर-शंभर हॉर्सपॉवर वाढीला एक पायरी थंड, असा एनजीकेचा ढोबळ ठोकताळा आहे. टीटीत सत्तरच्या आसपास वाढले, म्हणजे एक पायरी. तुम्ही एकच पायरी थंड घातलात ते बरोबर केलंत. दोन पायऱ्या घाला असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. ट्रॅकवर तासभर पूर्ण ताकदीने पळणाऱ्या गाडीला दोन चालतील. गणपतीला पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला उतरून महामार्गाच्या रांगेत तासन् तास पहिल्या गिअरवर सरकणाऱ्या गाडीला नाही. तिथे ते थंड नाक तापतच नाही, काजळी साचते, काजळीतून वीज पाझरून हेडला जाते आणि फटीत ठिणगी पडतच नाही. माझ्याकडे होड्यांची टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं येतात, त्यांचं दुखणं हेच. जाळं टाकताना दिवसभर सावकाश चालवलं की प्लग तेलाने ओला आणि काळा. तोच माणूस, तेच इंजिन, लांबच्या पल्ल्याला जोरात गेला की प्लग कोरडा, बदामी. इंजिनात केलेले बदल जेवढं आयुष्य ठरवतात, जवळजवळ तेवढंच चालवण्याची तऱ्हा ठरवते.

आता तुझे फोटो. पहिला, दुसरा आणि चौथा, तिन्हींची नाकं फिकी बदामी आहेत, इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्यात, बाकी काही नाही. ही सरळ झीज. त्यातल्या एकावर बाहेरच्या पांढऱ्या भागात, धातूच्या नटाच्या अगदी वर, जे तपकिरी कडं दिसतंय आणि ज्याला तू गॅस गळती म्हणालास, ती गळती नाही. जास्त व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. त्याने काही बिघडत नाही. उभी, बारीक, पेन्सिलने मारल्यासारखी काळी रेघ दिसली असती तर मात्र वीज बाहेरून पळतेय असं समजून प्लग आणि कॉइलचं रबर दोन्ही बदलायचं.

पण तिसरा प्लग. बाबू, तू त्याच्यावरून पटकन पुढे गेलास. नाकाच्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके आहेत, आणि फोटो मोठा केल्यावर त्यातले दोन-तीन चकाकतात. तो प्लग भिंगाखाली धर, उजेड बाजूने टाक. चकाकणारे ठिपके असतील तर ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे कण आहेत. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये नॉकिंग झालेलं आहे, उरलेलं पेट्रोल एकदम आपोआप पेटून ठोके बसलेत. नॉकिंगमध्ये पिस्टनच्या माथ्यावरचा थंड वायूचा पातळ थर फाटतो आणि आग थेट धातूला भिडते. गाडी चालवणाऱ्याला ते ऐकूही येत नाही, कारण नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर इंजिनाचा कॉम्प्युटर लगेच टायमिंग मागे घेतो आणि त्याला फक्त पिकअप कमी वाटतो. गिऱ्हाईक प्लगच्या आयुष्यासाठी भांडतंय, आणि प्लग सांगतोय की पिस्टन धोक्यात आहे. भांडण मिटवायच्या आधी त्याला हे सांग.

त्याने गाडी मे महिन्यात तारकर्लीला नेली होती असं तू म्हणालास. मग मला वाटतं उत्तर तिथेच आहे. तुमचा ट्यून 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलेला; ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल नॉकिंगला टिकतं. इंडियन ऑइलने एक्सपी 100 हे तसलं पेट्रोल डिसेंबर 2020 मध्ये आणलं, ते आजही मोजक्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं. आपल्या बाजूला उतरलेला माणूस जे मिळेल ते पेट्रोल भरतो आणि परतताना भर उन्हात, चौघं बसलेली, डिकी भरलेली, फोंडा घाट चढतो. कमी वेग, पूर्ण बूस्ट, तापलेली हवा, कमी ऑक्टेन. नॉकिंगला आणखी काय लागतं? त्याला विचार, कुठे आणि कुठलं पेट्रोल भरलं. बाटलीतला ऑक्टेन बूस्टर टाकला होता का तेही विचार. काहींमध्ये लोखंडाचं संयुग असतं, त्याचा नारिंगी-तांबडा थर नाकावर बसतो आणि तापला की तोच वीज वाहून नेतो. फोटोत तसा रंग मला दिसला नाही, पण विचार.

कोकणात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी साध्या पेट्रोलचा वेगळा मॅप (इंजिनाचा प्रोग्रॅम) ठेवा, बूस्ट आणि टायमिंग दोन्ही कमी केलेला. त्यासाठी पैसे घेऊ नका. तो मॅप गाडीत असेल तर इंजिनही वाचेल आणि प्लगही.

आणखी एक, किनाऱ्यावरून आलेल्या गाडीचं. लोक वाळूत गाडी घालतात, मग खारं पाणी लागलं म्हणून बॉनेट उघडून इंजिनावर प्रेशरने पाणी मारतात. ते पाणी प्लगच्या विहिरीत जाऊन बसतं. कॉइलचं रबर आतून ओलं, प्लगचा नट गंजलेला, आणि महिन्याने गाडी मिसिंग मारते. अशी गाडी आली की कॉइल काढल्यावर लगेच पाना लावायचा नाही. आधी विहिरीत हवा मार. प्लग सैल केलास आणि वर वाळूचा एक कण जरी राहिला असला तर तो खाली सिलिंडरमध्ये जाणार. प्लग इंजिन थंड असतानाच काढ, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना ओढले जातात. बसवताना 14 मिलीमीटरच्या आट्याला साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर, पण गाडीच्या मॅन्युअलात असेल तोच आकडा खरा. आट्यांना ग्रीस किंवा अँटिसीझ लावू नकोस. नव्या प्लगवर मुलामा असतोच, आणि घसरड्या आट्यावर टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवत असतानाही प्लग जास्त आवळला जातो.

मिसफायर (मिसिंग) चालू असताना गाडी चालवायची नाही हेही त्याला बजाव. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि त्याची किंमत चार प्लगांच्या कितीतरी पट आहे.

तू विचारलंस, मग गिऱ्हाइकाला किती किलोमीटर सांगायचं. माझं मत असं की रिमॅप केलेल्या टर्बो गाडीला इरिडियम पंधरा-वीस हजारांच्या पुढे नेऊ नये, आणि दर सर्व्हिसला एकदा काढून बघावं. फार मोठ्या टर्बोवर, बूस्ट खूप चढवलेल्या गाड्यांत बरेच जुने ट्यूनर साधे निकेलचेच प्लग घालतात. टोयोटा सुप्राच्या 2जेझेड इंजिनात बीकेआर7ई हे निकेलचे प्लग कित्येक वर्षं वापरतायत. स्वस्त असतात, आठ-दहा हजारांत बिनदिक्कत बदलता येतात. ट्रॅकच्या गाडीला मी तेच घालीन. टीटी रोजची गाडी आहे, तिला इरिडियमच राहू दे. आयुष्य वाढावं म्हणून पुन्हा गरम प्लग घालू का, असं तू बोलता बोलता म्हणालास. ते मात्र कधी करू नकोस, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. आणि यापुढे रिमॅपचं बिल करतानाच प्लगचा नवा हिशेब कागदावर लिहून द्या. त्या माणसाला हे आधी कुणी सांगितलं असतं तर आज तो चिडला नसता. त्याचा राग मला समजतो.

पहिल्यांदा हे कर: तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघ, जमलं तर बोरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा बघ. मग नवे प्लग घालून तिसऱ्या-चौथ्या गिअरमधला लॉग (इंजिनाच्या कॉम्प्युटरची नोंद) घे, आणि कुठल्या सिलिंडरचं टायमिंग किती मागे जातंय ते मला पाठव. तिसराच मागे जात असेल तर नुसतं पेट्रोल नाही, त्या इंजेक्टरकडेही बघावं लागेल.

आई रोज विचारते, "झील येळार जेवता मा?" तिला तूच फोन कर. कोकमं सुकवून झालीत, आगळाची बाटली आणि थोडे फणसाचे गरे पुढच्या आठवड्यात गाडीने पाठवतो. लॉग मिळाला की सकाळी दहाच्या आत फोन कर, नंतर कॉम्प्रेसर चालू असतो आणि मला नीट ऐकू येत नाही.

तुझे,
बाबा