देव्हारा घ्यायचा की नाही

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, इथे बंगळूरच्या घरात देव्हारा घेऊ का? रोज पूजा काही माझ्याच्यानं होणार नाही." मी नुसतं "बघ तुझं तू" म्हणालो. आई शेजारीच होती, वाद नको होता.

आपला खंडोबाचा टाक कधी हातात घेऊन पाहिलायस? चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घोडा अजून ओळखू येतो, कुत्राही दिसतो. पण देवाला नाक-डोळे उरलेले नाहीत. पणजीनं चिंचेनं, आजीनं रांगोळीनं आणि आता मी पितांबरीनं घासून घासून ते पुसून टाकलेत. सोनार म्हणाला, नवा करून देतो. मी नको म्हटलं. जेजुरीला देवभेटीला नेतो तेव्हा इतरांचे टाक लखलखत असतात आणि आपला हा असा चपटा. खरं सांगतो, मला त्याचाच अभिमान वाटतो.

नर्मदेतला बाण, म्हणजे शंकराचा गोटा, आणि गंडकीतला शाळिग्राम, म्हणजे विष्णूचा, यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही, ते मुळातच देव. टाकाचं तसं नाही, त्याला माणसांचे हात लागतात.

तुझी आजी पूजा पाच मिनिटांत उरकायची, पण देव्हारा दिवसभर वापरायची. लग्नाची पहिली पत्रिका, माझा पहिला पगार, तुझी दहावीची गुणपत्रिका, सगळं आधी तिथं. तिच्या तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा पाकीट न फोडता रात्रभर गणपतीपुढे होतं. सकाळी आंघोळ करून तिनं स्वतः फोडलं. त्या रात्री ती गाढ झोपली होती. जागा होतो तो मी.

तेव्हा संगमरवरी वगैरे काही घेऊ नकोस. दुकानदार ईशान्य कोपरा सांगेल. चाळीत आपले देव फडताळात होते, वरच्या खणात साखरेचा डबा. एक फळी पुरे. पूजा जमेल तेव्हा कर. किल्ल्या मात्र तिथं ठेवत जा, एरवी हरवतेसच.

आईनं तुझ्यासाठी पितळेची अन्नपूर्णा घेऊन ठेवली आहे, लग्नात द्यायला. मी म्हटलं, आताच देऊ. ती अजून हो म्हणालेली नाही. दिवाळीला आलीस की तूच विचार.

तुझा,
बाबा