शाळा दिसली, शिध्याची रांग दिसली नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी स्थानबद्ध केलेल्या परकीय नागरिकांवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. छावणीतली शाळा, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम यांना तीन परिच्छेद आणि उपासमारीला एक ओळ, हे प्रमाण खटकलं. शाळा-नाटकं होती, नाही कोण म्हणतं? पण ती बहुतेक पहिल्या दोन वर्षांतली, बाहेरून अन्न आत येत होतं तोवरची.

मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठाचंच बघा. जानेवारी १९४२पासून तिथल्या वर्गखोल्यांत साडेतीन-चार हजार माणसं कोंबलेली, बहुतेक अमेरिकी. मुख्य इमारतीतल्या १,२०० पुरुषांना १३ संडास आणि १२ शॉवर. बायकांच्या न्हाणीघरात कुणीतरी पाटी लावली होती : आडोसा हवा असेल तर डोळे मिटा. थट्टा सुचावी इतपत पोटात तेव्हा पडत होतं, कारण शहरातले फिलिपिनो स्नेही फाटकावर पुडकी आणून देत. फेब्रुवारी १९४४मध्ये छावणी थेट जपानी लष्कराच्या ताब्यात गेली आणि फाटकावरची ती रांग बंद झाली. शिधा घटत घटत पुढच्या जानेवारीत दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली आला. तोवर पुरुषांचं वजन सरासरी २४ किलोंनी उतरलं होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त शेवटच्या पाच-सहा महिन्यांत.

चीनमधल्या वेइशिएन छावणीचा उल्लेख लेखात ऑलिम्पिक धावपटू एरिक लिडेल यांच्यापुरता येतो. तिथे भिंतीवरून चोरून अंडी यायची. त्यांची टरफलं वाळवून, कुटून ती भुकटी हाडांसाठी म्हणून मुलांना चमच्याने भरवत. ओल्या खडूसारखी लागत असणार.

लेखकाने ‘जिनिव्हा कराराचा भंग’ असं सरसकट लिहिलं आहे. १९२९चा करार युद्धकैद्यांपुरता होता. नागरिकांसाठी १९३४मध्ये टोकियोत तयार झालेला मसुदा मसुदाच राहिला. सैनिकाच्या ताटासाठी निदान लिखित कलम होतं. बाया-मुलांच्या ताटात काय पडायचं, ते पहारेकऱ्यांच्या मर्जीवर होतं.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. सांतो तोमासमधल्या एका बंदिवान डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यांवर ‘कुपोषण’, ‘उपासमार’ अशी कारणं लिहिली. ते शब्द काढा, असं जपानी अधिकाऱ्यांनी फर्मावलं. डॉक्टरांनी नकार दिला, तेव्हा त्यांना छावणीतल्याच कोठडीत टाकलं. १९४९च्या, नागरिकांसाठीच्या चौथ्या जिनिव्हा कराराचं १२९वं कलम वाचताना मला हेच डॉक्टर आठवतात : स्थानबद्धाचा मृत्यू डॉक्टरने प्रमाणित करावा, आणि दाखल्यावर मृत्यूचं कारण व तो कोणत्या परिस्थितीत झाला हे लिहावं. ९२वं कलम तर दर महिन्याच्या तपासणीत वजन घ्यायला सांगतं.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी येणार आहे, असं तळटीपेत म्हटलं आहे. त्यात १९४४च्या फेब्रुवारीनंतरचं वर्ष यावं, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक