दुर्बिणीच्या रिंगा ‘मीडियम’ नव्हे, मिलिमीटरमध्ये सांगा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत छऱ्याच्या बंदुकीच्या छंदावर आलेला लेख वाचला. लेख चांगला होता आणि छरे अडवण्यासाठी मागे भिंत कशी असावी, हा भाग तर आमच्याकडच्या मुलांनी कापून ठेवावा असा होता. मात्र नेम धरण्यासाठी बंदुकीवर दुर्बीण बसवण्याविषयी त्यात जे एकच वाक्य होते, की बहुतेक दुर्बिणींना मीडियम साइजची रिंग (दुर्बीण बंदुकीवर पकडून ठेवणारे कडे) चालते, त्या वाक्याने वाचकांचे पैसे वाया जातील अशी मला भीती वाटते. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षे घालवली. माप न सांगता वस्तू मागणे मला निवृत्तीनंतरही सहन होत नाही, म्हणून हे पत्र.

रिंगेची मापे दोन असतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. पहिले माप दुर्बिणीच्या मधल्या नळीच्या जाडीचे. बाजारात ही जाडी मुख्यतः २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, किंवा ३० मिलिमीटर असते. मोठ्या दुर्बिणींत ३४ मिलिमीटरही आढळते. दुसरे माप उंचीचे. ‘लो, मीडियम, हाय’ हे शब्द केवळ या दुसऱ्या मापासाठी वापरले जातात आणि त्यांना सर्व उत्पादकांनी मान्य केलेला असा कोणताही ठरावीक आकडा नाही. आमच्या भागात कापसालाही आपण मध्यम धागा, लांब धागा म्हणतो, पण तिथे मध्यम म्हणजे २०.५ ते २४.५ मिलिमीटर आणि लांब म्हणजे २७.५ ते ३२ मिलिमीटर हे ठरलेले आहे, त्यामुळे शेतकऱ्याला निदान वाद घालता येतो. रिंगेच्या ‘मीडियम’वर वाद घालायलाही जागा नाही.

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. त्याच्याकडे .१७७ बोअरची (म्हणजे ४.५ मिलिमीटर छऱ्याची), नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून, भरायची स्प्रिंगची बंदूक आहे आणि गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत तो पंचवीस मीटरवर कागदी निशाण्यांचा सराव करतो. दुर्बीण आली तेव्हा त्याने जिल्ह्याच्या गावच्या एका दुकानातून ‘मीडियम’ रिंगा मागवल्या. त्या निघाल्या ३० मिलिमीटरच्या आणि दुर्बीण होती एक इंची. साडेचार मिलिमीटरहून अधिक फरक त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून भरला, आणि वीस-पंचवीस छऱ्यांतच दुर्बीण रिंगेतून सरकू लागली. जाड रिंगेत बारीक दुर्बीण बसवायची असेल तर त्यासाठी मापाचे धातूचे किंवा प्लास्टिकचे आवरण वेगळे मिळते. रबराच्या पट्टीवर काहीही स्थिर राहत नाही. मग त्याने दुसऱ्या रिंगा आणल्या, एक इंची, पुन्हा ‘मीडियम’. या नीट बसल्या, पण दुर्बिणीचे पुढचे रुंद तोंड बंदुकीच्या नळीला टेकले. नळी मोडून परत बंद करताना दर वेळी बारीक टक् असा आवाज येई आणि आठवडाभरात दुर्बिणीच्या तोंडाखालचा काळा रंग खरवडून पांढरा धातू दिसू लागला. “काकाजी, मीडियमच सांगतली होती मी, मंग हे अशी काऊन?” असे त्याने विचारले, तेव्हा हा विषय माझ्याकडे आला. दरम्यान त्याने ‘हाय’ रिंगाही आणून पाहिल्या होत्या. तोंड आणि नळी यांच्यामध्ये पेन्सिल आरपार जाईल इतकी फट राहिली, परंतु त्यामुळे डोळा दुर्बिणीच्या रेषेत आणायला त्याला गाल बटावरून (बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावरून) उचलावा लागे. शेवटी गडी बटावर दुपट्टा गुंडाळून नेम धरत होता.

आम्ही व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन) घेऊन बसलो. दुर्बिणीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर भरला, म्हणजे निम्मा २३.५. (दुर्बिणीवर लिहिलेला ४० हा आकडा भिंगाचा असतो, तोंडाच्या बाहेरच्या व्यासाचा नव्हे, इथे पुष्कळ जण फसतात.) भिंगावरच्या झाकणाची जाडी १ आणि मोकळी फट २ धरून बेरीज २६.५ झाली. नंतर रिंग जिथे बसते त्या बंदुकीच्या खाचेवर स्टीलची फूटपट्टी लांबीच्या दिशेने ठेवून ती नळीवर पुढे येऊ दिली, तर पट्टी आणि नळी यांच्यात ४ मिलिमीटर अंतर निघाले. ते आयतेच मिळत असल्याने वजा केले. उरले २२.५. खाचेपासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंत किमान इतकी उंची हवी, एवढाच त्याचा अर्थ. नळीला टेकणाऱ्या त्या ‘मीडियम’ रिंगेची ही उंची १९.५ होती आणि ‘हाय’ रिंगेची २८. अखेरीस २३ मिलिमीटरची रिंग मिळाली, ती चपखल बसली आणि गालही बटावर टेकला. तिच्या डब्यावरही ‘मीडियम’च लिहिलेले होते, फक्त कंपनी निराळी.

यात आणखी एक खोच आहे, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही उत्पादक रिंगेची उंची दुर्बिणीच्या मध्यापर्यंत मोजतात, तर काही रिंगेच्या आतल्या खालच्या कडेपर्यंत. एक इंची दुर्बिणीत या दोन पद्धतींत १२.७ मिलिमीटरचा फरक पडतो आणि ३० मिलिमीटरच्या दुर्बिणीत १५ मिलिमीटरचा. म्हणजे वरच्या उदाहरणातली किमान उंची पहिल्या पद्धतीने २२.५, तर दुसऱ्या पद्धतीने ९.८ होते आणि तोंड तेवढेच असलेली ३० मिलिमीटरची दुर्बीण असती तर दुसऱ्या पद्धतीने ती ७.५ झाली असती. त्यामुळे डब्यावर आकडा छापलेला असला तरी तो कुठून कुठपर्यंत मोजला आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

व्हर्निअर घरोघरी नसतो, याची मला कल्पना आहे. दुर्बिणीच्या नळीची जाडी ओळखायला शिंप्याचा टेप पुरतो. नळीभोवती टेप गुंडाळला आणि घेर जेमतेम ८ सेंटिमीटर भरला तर ती एक इंची; ९.४ सेंटिमीटर भरला तर ३० मिलिमीटरची.

रिंग खाली ज्या खाचेवर बसते, तिचेही माप पाहावे. छऱ्याच्या बंदुकीवर सहसा ११ मिलिमीटरची कोरलेली खाच असते, तर काही बंदुकांवर असणाऱ्या दात्यांच्या रुंद पट्टीसाठीच्या (रेलसाठीच्या) रिंगा निराळ्या. एकीची पकड दुसरीवर बसत नाही. आणि बंदूक स्प्रिंगची असेल तर स्टॉप पिन असलेलीच रिंग घ्यावी. या बंदुकीचा धक्का एकदा मागे आणि लगेच पुढे, असा दुहेरी असतो. आत पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे सरकते आणि तो टोकाला आदळतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. या ओढाताणीत खाचेवरची रिंग हळूहळू सरकते. बंदुकीवर त्यासाठी केलेल्या छिद्रात पिन उतरली की हे थांबते. रिंगेच्या वरच्या झाकणाचे स्क्रू मात्र अंगातला जोर काढून आवळू नयेत. दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून, आलटूनपालटून, उत्पादकाने सांगितलेल्या जोरानेच ते आवळावेत. दुर्बिणीची पातळ नळी चेपली तर आतली भिंगांची यंत्रणा अडकते आणि मग कितीही बटणे फिरवली तरी नेम लागत नाही.

दोन गैरसमज जाता जाता दूर करतो. तालुका-जिल्हा पातळीवर दहा मीटर एअर रायफल स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना यातले काहीच लागत नाही. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नाही, तिथे भोकातून पाहायची साइट वापरतात. दुसरे, शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, याचा अर्थ दुर्बीण लावून ती रोही-रानडुकरांवर चालवावी असा कोणी घेऊ नये. पिकाचे नुकसान मी दरवर्षी डोळ्यांनी पाहतो, पण त्यावरचा मार्ग वनखात्याच्या परवानगीतून जातो आणि या छऱ्याने जनावर नुसते जायबंदी होते.

आता विक्रेत्यांविषयी. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम २०११ मध्ये, जिथे वस्तूचा आकार महत्त्वाचा असतो तिथे आवेष्टनावर तिची मापे लिहिणे बंधनकारक आहे. रिंग ही केवळ आकारावर विकली जाणारी वस्तू आहे. तरीही पुतण्याने आणलेल्या चारही डब्यांपैकी एकावरही उंचीचा आकडा नव्हता आणि दोनांवर नळीची जाडीही नव्हती. दुकानदाराशी बोललो तर “साहेब, सगळे असंच मागतात” असे उत्तर मिळाले, आणि त्यात तथ्य आहे, कारण आपणच शब्दाने मागतो. माझी आपणास विनंती एवढीच आहे की, त्या लेखातील वाक्याची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी आणि तीत नळीची जाडी, खाचेपासून मध्यापर्यंतची उंची आणि खाचेची रुंदी हे तीन आकडे दुकानदाराला कागदावर लिहून द्यावेत, असे वाचकांना सांगावे. पुतण्याने ते आता बंदुकीच्या खोक्याच्या झाकणाला आतून खडूने लिहून ठेवले आहेत: २५.४, २३, ११.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती