साराभाईच्या वीस वर्षं आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अभिनेते सतीश शाह यांच्यावरचा लेख वाचला. रात्री पुन्हा काढून वाचला, कारण सकाळच्या गडबडीत माझी एखादी ओळ सुटली असेल असं वाटलं. सुटली नव्हती. 'जाने भी दो यारो' या चित्रपटात त्यांनी केलेलं प्रेत आहे, 'साराभाई' मालिकेतला इंद्रवदन तर दोन रकाने भरून आहे, आणि 'ये जो है जिंदगी' या मालिकेला अर्धं वाक्य. दूरदर्शनच्या एका जुन्या मालिकेत त्यांनी छोट्यामोठ्या भूमिका केल्या, एवढंच. लगेच पुढच्या परिच्छेदात, ते खऱ्या अर्थाने घराघरांत पोहोचले ते २००४ साली 'साराभाई'मुळे, असा निर्वाळा.

लेखकांचा मान राखून सांगते, हे साफ चूक आहे. आमच्या मंगळवार पेठेत ते त्याच्या वीस वर्षं आधी येऊन पोहोचले होते आणि दर शुक्रवारी रात्री येत होते.

छोट्यामोठ्या भूमिका म्हणजे काय हो? त्या मालिकेत शफी इनामदार म्हणजे रणजित, स्वरूप संपत म्हणजे रेणू, राकेश बेदी म्हणजे तिचा भाऊ राजा. ही मंडळी दर आठवड्याला तीच. सतीश शाह मात्र दर आठवड्याला निराळा माणूस. पन्नासच्या वर भाग आणि पन्नासच्या वर माणसं. एखादी मिशी, एखादा चष्मा, बाकी सगळं चालण्यात आणि बोलण्यात. चेहरा तोच गुबगुबीत, आम्हा पोरांना लांबून ओळखू येणारा, तरीही त्या अर्ध्या तासापुरता तो माणूस खराच वाटायचा. एका नटाने वर्षभर हे पेललं. याला छोटं काम म्हणणाऱ्याने अभिनयावर लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही एकच, सायकल दुकानाच्या वरच्या माडीवर. लाकडी शटरची पेटी, ब्लॅक अँड व्हाइट. पोरांनी पुढं फरशीवर बसायचं, बायका मागे भिंतीला टेकून, पुरुष जिन्यात नाहीतर दारात. किशोरकुमारच्या आवाजातलं शीर्षकगीत सुरू झालं की जिन्यातले लोकसुद्धा दोन पायऱ्या वर सरकायचे. शुक्रवारी शाळा सुटल्यापासून आमच्यात पैज लागलेली असायची, आज जाड्या कोण होऊन येणार? त्यांचं नाव आम्हाला कुठलं माहीत, आमच्यासाठी ते जाड्याच. कुणी पोलिसावर चिंचोके लावायचं, कुणी डॉक्टरवर. माझी धाकटी बहीण दर वेळी म्हाताऱ्यावरच लावायची आणि फ्रॉकच्या घेरात चिंचोके धरून डोळे वटारून बसायची. ते पडद्यावर आले रे आले की माडीवर एकच कालवा, "आला! आला!" मागून बायका ओरडायच्या, "गप बसा की रे, ऐकू दे जरा!" खरं भांडण नंतर जिन्यात व्हायचं. केस पांढरे असले पण काठी नसली तर म्हातारा धरायचा की नाही, यावर बहिणीने एकदा एका पोराच्या हाताला चावा घेतला होता. लाइट गेली तर पैज मोडत नसे, पुढच्या शुक्रवारावर जायची.

आता लेखातल्या दुसऱ्या वाक्याकडे येते, ज्याने मला खरा ताप आला. त्या काळच्या अशा मालिका महानगरातल्या फ्लॅटमधल्या होत्या, लहान शहरांतल्या प्रेक्षकाला ते घर परकं वाटे, असं लेखक म्हणतात. कुणाला विचारून लिहिलं हे? कोल्हापुरातल्या एका तरी माणसाला विचारायचं होतं.

त्याच सुमारास माझा मामा गारगोटीहून आमच्याकडे राहायला आला होता. आयटीआय करून टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर झालेला. रोज सकाळी उठून उद्यमनगरात, आमच्याकडच्या कारखान्यांच्या भागात, जायचा आणि एकेका वर्कशॉपच्या दारात उभा राहून, माणूस पाहिजे का, म्हणून विचारायचा. आमचं घर दोन खोल्यांचं. वडील त्याच्याशी वाईट वागायचे असं नाही, पण बोलायचे नाहीत. मामा आला की ते पेपर उघडायचे. आई दोघांना एका पंगतीला वाढायचं टाळायची. वडिलांचं जेवण उरकल्यावर मामा बसायचा आणि तिसरी भाकरी कधी मागायचा नाही. आई न विचारता टाकायची, तर ताटावर आडवा हात धरायचा.

आणि शुक्रवारी पडद्यावर काय चालायचं? बहिणीच्या घरी येऊन राहिलेला, नोकरी नसलेला भाऊ, आणि त्याला सांभाळून घेणारा दाजी. फ्लॅट मुंबईचा असेल, माणसं आमच्याच घरातली होती.

एका शुक्रवारी माडीवर शेजारच्या एक वहिनी सगळ्यांदेखत बोलल्या, "अगं बया, ह्यो तर तुमचा राजा!" सगळी माडी हसली. मामाही हसला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं त्याला राजामामा म्हणायला लागली. पुढच्या शुक्रवारी मामा म्हणाला, डोकं दुखतंय, तुम्ही जा. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही डोकंच दुखत होतं. आई काही बोलली नाही, फक्त जाताना खोलीचा दिवा चालू ठेवला. वडिलांच्या लक्षात आलंय हे आम्हाला कळत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला आम्ही चपला घालून निघालो तर वडील दारातच थांबले. आत बघून म्हणाले, "पाव्हणं, उठा. चला."

मामा म्हणाला, "नको दाजी, तुम्ही जावा."

तर वडील म्हणाले, "तुम्ही नसला की त्या राजाला एकट्याला हसाय बरं वाटत न्हाई मला."

मामा उठला. त्या रात्री दोघं जिन्यात एकाच पायरीवर बसले होते. मी फरशीवरून मान वळवून बघत होते, पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त. राकेश बेदी काहीतरी घोटाळा करून आला आणि शफी इनामदारांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, तर वडिलांनी मामाच्या मांडीवर थाप मारली. घरी येताना त्यांनी पहिल्यांदा विचारलं, उद्यमनगरात कुठं कुठं जाऊन आलास. पावसाळ्याच्या आधी मामा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागला. शब्द वडिलांनीच टाकला होता. मालिकेने मामाला नोकरी लावली असं मी म्हणत नाही. पण दाजी आणि मेव्हणा एकमेकांकडे बघून हसू शकतात हे आमच्या घराने त्या माडीवर पहिल्यांदा पाहिलं. राजा त्या मालिकेत ना खलनायक होता, ना बिचारा. घरातला एक माणूस होता, एवढंच, आणि म्हणून मामालाही शेवटी तो सोसला.

हे लिहिणारे होते शरद जोशी. पडद्यावर नाव आलं तेव्हा वडिलांना शेतकरी संघटनेचे शरद जोशीच वाटले होते, कारण तेव्हा आमच्या भागात दुसरे शरद जोशी कुणाला ठाऊक नव्हते. जिन्यात बसणाऱ्या एका हिंदीच्या मास्तरांनी सांगितलं, हे हिंदीतले मोठे विनोदी लेखक. दिग्दर्शकांत कुंदन शाह होते. लेखात ज्यांच्या 'जाने भी दो यारो'चं एवढं कौतुक आहे तेच. चित्रपट १९८३ चा, मालिका १९८४ ची. म्हणजे दिग्दर्शक तेच, सतीश शाह तेच, मध्ये वर्षभराचं अंतर. एक सोनं आणि दुसरी अर्ध्या वाक्याची, हे कसं? मला तर वाटतं, प्रेत होऊन अख्ख्या चित्रपटाला हसवणाऱ्या माणसाला दर आठवड्याला नवा जन्म द्यायचं त्यांना तिथूनच सुचलं असावं. हा माझा अंदाज, पण लेखात असा एखादा विचार तरी हवा होता.

शफी इनामदारांचं तर नावही नाही. आपल्या दापोली तालुक्यातला माणूस. 'अर्धसत्य'मध्ये इन्स्पेक्टर झाला आणि लगोलग या मालिकेत बायकोपुढे हरणारा नवरा. १९९६ मध्ये पन्नाशीतच गेले. सतीश शाहांचा निम्मा विनोद समोर शफी इनामदार गप्प उभे असायचे म्हणून फुलायचा, हे ज्यांनी मालिका पाहिली त्या प्रत्येकाला माहीत आहे. याच मालिकेतल्या टिकू तलसानियांचं "ये क्या हो रहा है" आमच्या शाळेत मुख्याध्यापकांची पाठ वळली की वर्गावर्गांतून ऐकू यायचं. तेही नाही. आणि मराठी वर्तमानपत्राने सतीश शाहांवर पान खर्ची घालावं आणि १९८७ च्या 'गंमत जंमत' या त्यांच्या मराठी चित्रपटाचा उल्लेखसुद्धा नसावा, याचं मला फार वाईट वाटलं. तो तर घरचाच सिनेमा होता.

मामा आता गारगोटीलाच असतो, तुमचाच अंक घेतो. सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "वाचलंस का? आपली मालिकाच न्हाई त्यात." माणूस सत्तरीकडे आला, फाउंड्रीत उभं राहून गुडघे गेलेत, पण आवाजात राग होता. म्हणून मी लिहायला बसले. लेख मागे घ्या असं आमचं म्हणणं नाही. येत्या रविवारी त्या २००४ च्या वाक्याची दुरुस्ती छापा आणि शफी इनामदारांवर स्वतंत्र लेख द्या. लिहिणारा मिळत नसेल तर कोल्हापुरात पन्नाशीच्या पुढच्या कुणाच्याही दारावर टकटक करा.

पत्र लिहितेच आहे तर आणखी एक. तुमच्या अंकात पूर्वी आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या कार्यक्रमांची छोटी चौकट असायची. ती कधीच बंद झाली, त्या जागी आता प्लॉटच्या जाहिराती असतात. माझे वडील अजून सांगली आकाशवाणी लावतात. मोबाइल त्यांना जमत नाही, नजर कमी झाली आहे, पण पेपरमधली ठळक अक्षरं भिंग घेऊन वाचतात. किती वाजता काय आहे हे त्यांना रोज मला विचारावं लागतं, आणि मला ते कुठं बघायचं हे माहीत नसतं. त्या चौकटीला जागा ती किती लागते? ती पुन्हा सुरू करा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर