पुण्याई नसलेला क्लब

कुयाबा, ब्राझील
ऑगस्ट २०२५

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. तुझा मेसेज मिळाला. फोन करणार होतो, पण तुझी सकाळ उजाडते तेव्हा इथं रात्र झालेली असते आणि हा विषय दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सवडीनं लिहितोय.

कोल्हापुरातली तुझी पोरांची फुटबॉल टीम बंद करावी म्हणतोस. फी जमत नाही, मैदान मिळत नाही, हे सगळं मला ठाऊक आहे आणि त्यावर मार्ग निघतो. पण कुणीतरी तुला म्हणालं, ‘पेठेतल्या तालमींच्या टीमा आज्या-पणज्यापासूनच्या, त्यांच्यापुढं तुझ्या कालच्या टीमला कोण विचारतंय?’ आणि ते तू मनाला लावून घेतलंस. ते वाचून माझं डोकं फिरलं. ज्या गावात मी नोकरीसाठी राहतोय, त्या गावातला क्लब आपल्या दोघांपेक्षा वयानं लहान आहे. त्याची गोष्ट तुला नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कुयाबा ही मातो ग्रोसो राज्याची राजधानी. रिओ आणि साओ पावलोपासून खूप आत, दक्षिण अमेरिकेच्या जवळजवळ मध्यावर. खंडाचा मध्यबिंदू दाखवणारा खांबच शहरात उभा आहे. भोवती सोयाबीन, कापूस आणि मका, क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही. खाली दक्षिणेला पांतानालची दलदल. सप्टेंबर-ऑक्टोबरात पारा चाळिशी ओलांडतो. घराघरात आंब्याची झाडं आहेत, पोर्तुगीजांनी आपल्याकडून आणलेला आंबा इथं असा रुजलाय की ह्या लोकांना तो त्यांचाच वाटतो. ब्राझीलचं फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं येतं ते हे ब्राझील नव्हे. इथले जुने क्लब म्हणजे १९३४ सालचा मिश्तो आणि नदीपलीकडच्या वार्झिया ग्रांदेचा ओपेरारियो. त्यांचे चाहते, त्यांची भांडणं, सगळं पिढीजात.

अशा गावात २००१ साली गाउशो नावाच्या माणसानं क्लब काढला, गावाच्याच नावाचा, कुयाबा. खरं नाव लुईस कार्लोस तोफोली. दक्षिणेकडचा, म्हणून सगळे गाउशो म्हणत. रिओचा फ्लामेंगो आणि साओ पावलोचा पाल्मेइरास ह्या मोठ्या क्लबांचा स्ट्रायकर, हेडर मारण्यात पटाईत. १९९२ साली फ्लामेंगो राष्ट्रीय विजेता झाला त्या टीममध्ये तो होता. पण ब्राझीलमध्ये त्याचं नाव काढलं की लोक १९८८ ची एक मॅच सांगायला लागतात. मारकाना स्टेडियमवर पाल्मेइरास विरुद्ध फ्लामेंगो. तेव्हा गाउशो पाल्मेइरासकडं. टीम एका गोलनं पुढं, मॅच संपत आलेली, आणि त्यांचा गोली झेटी बेबेतोशी धडकला. पाय मोडला. बदली खेळाडू संपलेले. मग गाउशोनं हातमोजे चढवले आणि स्ट्रायकर गोलपोस्टमध्ये जाऊन उभा राहिला. बेबेतोनं बरोबरी केली. त्या वर्षीच्या स्पर्धेत बरोबरी झाली की जादा गुणासाठी टायब्रेकर घ्यायचे. त्यात ह्यानं आल्दाइर आणि झिन्यो ह्या दोघांच्या पेनल्टी अडवल्या. दोघंही पुढं १९९४ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघात होते! वर स्वतःची पेनल्टी गोलात घातली. जन्मभर गोल करण्याचं काम केलेला माणूस, वेळ आली तेव्हा जे काम पुढ्यात पडलं ते त्यानं केलं. क्लब काढणाऱ्याला हाच स्वभाव लागतो, असं माझं ठाम मत आहे.

आणि बाळ्या, सुरुवात कशी झाली बघ. आधी होती फक्त पोरांची फुटबॉल शाळा. गाउशोची शाळा म्हणूनच ओळखली जायची. तिच्यातून क्लब झाला, २००३ मध्ये तो व्यावसायिक झाला, आणि त्याच वर्षी राज्याचा विजेता. २००४ मध्ये पुन्हा. जुन्या क्लबांना हे किती झोंबलं असेल याची कल्पना कोल्हापूरच्या माणसाला तरी करून द्यायला नको.

पण मग पैसा आटला. २००६ नंतर टीम मैदानात उतरेनाशी झाली, दोन-तीन वर्षं क्लब नुसता कागदावर राहिला. गाव हळहळलं असंही दिसत नाही, कारण अजून गाव त्याचं झालंच नव्हतं. इथंच तो कायमचा संपला असता.

२००९ साली ड्रेश कुटुंबानं तो विकत घेतला. ह्या लोकांचा धंदा टायर रिमोल्डिंगला लागणाऱ्या रबराचा. ज्या राज्यातलं बरंचसं सोयाबीन ट्रकनं हजारो किलोमीटर बंदरापर्यंत जातं, तिथं हा धंदा चालणारच. झिजलेल्या टायरचा सांगाडा चांगला असला की त्यावर नवा थर चढवून तो पुन्हा रस्त्यावर आणायचा, क्लबाचंही त्यांनी तेच केलं. कारखान्यात कामगाराचा पगार जसा ठरल्या तारखेला होतो तसा खेळाडूचा व्हायला हवा, ही शिस्त त्यांनी आणली. तुला यात विशेष वाटणार नाही. पण ब्राझीलमध्ये मोठमोठे क्लब खेळाडूंचे महिनोन्महिने पगार थकवतात, कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले असतात. तिथं ‘कुयाबात पैसे वेळेवर मिळतात’ ही कीर्ती पसरली, आणि एवढ्या लांबच्या, एवढ्या उकाड्याच्या गावात चांगले खेळाडू यायला लागले. माझ्या मते क्लब वर आला त्याचं सर्वात मोठं कारण हेच. बाकी सगळं नंतरचं.

२०११ मध्ये चौथ्या डिव्हिजनमधून तिसरीत. मग तिथंच सात हंगाम. हे सात हंगाम कुणी फारसे सांगत नाही, मला मात्र तेच सर्वात महत्त्वाचे वाटतात. दर वर्षी मॅचेस खेळायच्या, विमानाचे आणि बसचे लांबच लांब प्रवास करायचे, वर जायचं राहून जायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पगार ठरल्या तारखेला.

याच काळात वर्ल्ड कप झाला. २०१४ साठी कुयाबात जुनं स्टेडियम पाडून अरेना पांतानाल बांधलं, चाळीस हजारांवर लोक बसतील एवढं. चार मॅचेस झाल्या. कोलंबियाचा ४३ वर्षांचा गोली मोंद्रागोन जपानविरुद्ध उतरला आणि वर्ल्ड कपमधला तोवरचा सर्वात वयस्क खेळाडू ठरला, ती मॅच इथलीच. पाहुणे गेले आणि सगळा देश म्हणायला लागला की हा पांढरा हत्ती कोण पोसणार? गावासाठी जी नवी रेल्वे व्हायची होती ती कधी धावलीच नाही. स्टेडियमलाही दुरुस्तीसाठी टाळं लागलं होतं. ज्या क्लबाला तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये काही हजार प्रेक्षक मिळायचे, त्याच्या अंगावर ते चढवलं तर ढगळच होणार. पण नंतर तेच त्याचं घर झालं. आता त्याच इमारतीत सरकारी शाळासुद्धा भरते.

२०१५ च्या एप्रिल-मेमधली कोपा वेर्देची फायनल तर तू कुठूनही शोधून बघ. उत्तरेकडच्या आणि मध्य भागातल्या क्लबांची ही स्पर्धा. समोर बेलेमचा रेमो, जुना, प्रचंड चाहत्यांचा क्लब. पहिली मॅच बेलेमला, कुयाबा ४-१ नं हरले. परतीच्या मॅचला इथं त्यांनी रेमोला ५-१ नं लोळवलं! त्या कपामुळं २०१६ मध्ये त्यांना कोपा सुदामेरिकाना, म्हणजे खंडाच्या स्पर्धेत जागा मिळाली. तिथं गाठ पडली शापेकोएन्से ह्या ब्राझीलमधल्याच दुसऱ्या क्लबाशी. घरी कुयाबा १-० नं जिंकले, तिकडं ३-१ नं हरले. शापेकोएन्से पुढं जात जात फायनलला पोचले, आणि फायनलला जातानाच कोलंबियात त्यांचं विमान कोसळलं. इथल्या जुन्या चाहत्यांशी बोलताना ह्या मॅचचा विषय निघाला की ते गप्प होतात. एक-दोन गोल इकडचे तिकडं झाले असते तर… हे वाक्य कुणीच पुरं करत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये गाउशोही कॅन्सरनं गेला. क्लब खंडाच्या स्पर्धेत खेळलेला त्यानं पाहिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२०१८ ला दुसरी डिव्हिजन. २०१९ ला पुन्हा कोपा वेर्दे, टायब्रेकरवर. २०२० च्या ब्राझील कपमध्ये बोटाफोगोला बाहेर काढलं, आणि त्याच हंगामाच्या शेवटी, कोविडमुळं जो २०२१ च्या जानेवारीत संपला, पहिली डिव्हिजन. राज्यातला क्लब तिथं खेळून पस्तीसएक वर्षं लोटली होती. मिश्तो नाही, ओपेरारियो नाही, हा कालचा पोर!

पण वर पोचलं म्हणजे गाव आपलं होतं असं नाही, आणि हा भाग तू नीट वाच. इथल्या माणसाला जन्मापासून एक टीम असते आणि ती बहुतेक वेळा दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या रिओ किंवा साओ पावलोची असते. आपल्याकडं पोरं मँचेस्टर नि बार्सिलोनाचे टी-शर्ट घालून फिरतात, तसंच. फ्लामेंगो इथं खेळायला आलं की कुयाबाच्या घरच्या मैदानावर लाल-काळा रंग जास्त दिसतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी तशा एका मॅचला गेलो होतो. आमच्या गोदामातला एक जण, पक्का फ्लामेंगोवाला, सोबत त्याचा दहाएक वर्षांचा मुलगा. बापाच्या अंगात लाल-काळा शर्ट, पोराच्या अंगात कुयाबाचा हिरवा-पिवळा. स्टँडचे कोपरे मोकळे सोडलेत, तिथून जरा वारा येतो, तरी बसल्या जागी घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. कुयाबा ३-० नं जिंकले. प्रत्येक गोलला पोरगं खुर्चीवर उभं राहायचं आणि बाप त्याची कंबर धरून ठेवायचा, पडू नये म्हणून, स्वतःचं तोंड मात्र कडू. बाहेर आल्यावर कोळशावर मांस भाजणाऱ्या गाड्यापाशी पोरगं थांबलं आणि म्हणालं, ‘आम्ही जिंकलो, तुम्ही खायला घाला.’ ते ‘आम्ही’ ऐकलं आणि मला भरून आलं. बापाच्या पिढीत हे ‘आम्ही’ नव्हतं. त्या हंगामात कुयाबा बाराव्या नंबरवर राहिले.

२०२४ च्या शेवटी ते खाली उतरले, आता दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आहेत. गावात नाराजी आहे, तिकीट विक्रीवर परिणाम दिसतो. पण चार हंगाम त्यांनी तग धरला, आणि ज्या देशात क्लब धूमकेतूसारखे येतात-जातात तिथं ही लहान गोष्ट नाही. साओ काएतानोचं उदाहरण घे. १९८९ चा क्लब, २००० आणि २००१ ला राष्ट्रीय उपविजेता, २००२ ला कोपा लिबेर्तादोरेसची, म्हणजे खंडाच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची फायनल टायब्रेकरवर हरला, २००४ ला साओ पावलो राज्याचा विजेता. त्याच वर्षी त्यांचा खेळाडू सेर्जिन्यो भर मॅचमध्ये कोसळून गेला, त्यावरून क्लबाचे २४ गुण कापले, आणि मग एकेक पायरी उतरत ते राष्ट्रीय डिव्हिजनमधून पार बाहेर फेकले गेले. चढणं त्यांचं कुयाबापेक्षा कितीतरी भारी होतं.

तर आता तुझ्याकडं वळतो. तुझ्याकडं गाउशोची शाळा आहेच. पहिल्यांदा हिशेबाची वही वेगळी कर. जो पोरगा कोच म्हणून राबतोय त्याला कितीही थोडे का असेनात, दर महिन्याला एका ठरल्या तारखेला पैसे मिळालेच पाहिजेत. माझ्याकडून त्याचं मानधन वर्षभर मी देतो, यावर वाद घालू नकोस. मैदानासाठी मोठ्या टीमच्या सरावाच्या वेळा सोडून पहाटेची वेळ माग, तालमीच्या वडीलधाऱ्यांना जाऊन भेट, भांडू नकोस. तीही माणसं फुटबॉलवर जीव टाकणारी आहेत, त्यांच्याच कुणाचा तरी नातू तुझ्याकडं येईल. आणि यंदा लीगमध्ये उतरायची घाई नको.

मुलं किती आहेत, कुठल्या वयाची, आणि मुलींना घेणार आहेस का, हे सविस्तर कळव. मुली येत असतील तर त्यांची वेळ वेगळी ठेवायची की एकत्र, यावर मला तुझ्याशी बोलायचंय. दिवाळीत मी येतोय. बुटांचे नंबर तोवर पाठव, इथून किती आणता येतील ते बघतो. काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिल्या