चष्मा वर सरकवला, एवढंच झालं – आरोग्यमंत्र्यांना एका डेंटल असिस्टंटचं खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी कळव्याला राहते आणि ठाण्यात नौपाड्याला एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, १४ वर्षं झाली या कामाला. पत्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण गेल्या आठवड्यात जे झालं त्यानंतर म्हटलं आता लिहूनच टाकते.

आमच्याकडे एक नवीन मुलगी लागलीय, १९ वर्षांची, कामाला एकदम चटपटीत. दुसराच आठवडा तिचा आणि इंप्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायची केस होती, एक आजोबा होते. डॉक्टर गाऊन ग्लोव्हज घालून बसले, हिलाही गाऊन चढवला आणि सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी-रक्त ओढून घेणारी नळी धरायला उभी केली. मी सर्क्युलेटिंगला, म्हणजे स्टराईल (जंतू पूर्ण मारलेल्या) भागाला हात न लावता बाहेरून सामान देणारी. ड्रिलिंग चालू असताना तिचा चष्मा घसरला, तिने ग्लोव्हजच्या बोटानेच तो वर सरकवला आणि तोच हात परत सक्शनवर. तिच्या लक्षातही आलं नाही. चष्मा काही स्टराईल नसतो, म्हणून मी बघितलं आणि थांबा म्हटलं. मग तिचे ग्लोव्हज बदलले, सक्शनची टीप बदलली, नळीवरचं कव्हर बदललं, चार-पाच मिनिटं गेली, आजोबांना कळलंही नाही. पण रात्री पोरीचा रडत फोन, ताई मला हे कोणी सांगितलंच नव्हतं हो.

खरंय तिचं. सांगायचं काम माझं होतं. मी तिला स्क्रब, म्हणजे सर्जरीआधी हात धुणं, शिकवला होता, बोटांपासून कोपराकडे घासायचं, हात कायम कोपराच्या वर ठेवायचे म्हणजे पाणी उलटं बोटांकडे येत नाही, गाऊनचा पुढचा भाग छातीपासून कमरेपर्यंत स्टराईल धरायचा, पाठ कधीच नाही. चष्म्याचं राहून गेलं. आणि मला हेच सांगायचंय साहेब, आमचं सगळं शिक्षण असं तोंडी चालतं, एकीने दुसरीला सांगायचं, जिला जेवढं आठवेल तेवढं. मला ज्या मावशींनी शिकवलं त्यांनाही कोणी धड शिकवलं नव्हतं.

लोकांना वाटतं ऑपरेशन डॉक्टर करतात. करतात डॉक्टरच, पण ती खोली आणि ते सामान तयार आम्ही करतो. केस झाली की अवजारं एन्झाइमच्या पाण्यात, मग अल्ट्रासोनिक म्हणजे ध्वनिलहरींनी घाण सुटवणाऱ्या मशीनमध्ये, मग एकेक उचलून उजेडात बघायचं की सांध्यात रक्त अडकलंय का, कारण रक्त राहिलं तर वाफ तिथे पोचतच नाही. मग कोरडं करून पाऊच म्हणजे कागदाच्या बंद पाकिटात, मग ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या मशीनमध्ये, १२१ डिग्रीला १५ पाउंड प्रेशर आणि निदान २० मिनिटं. पावसाळ्यात मधेच लाईट गेली की सायकल पहिल्यापासून लावायची. बाहेर आल्यावर पाऊचचा कागद ओला लागला तर तो पाऊच बाद, कारण ओल्या कागदातून जंतू आत जातात. हे मला कामाला लागून तीन वर्षं झाली तेव्हा कळलं. तोपर्यंत मी ओले पाऊच पंख्याखाली वाळवून ड्रॉवरमध्ये ठेवत होते. आज आठवलं की पोटात गोळा येतो.

आणि ती पाऊचवरची पट्टी. रंग बदलला की सगळे म्हणतात झालं स्टराईल. पट्टी एवढंच सांगते की पाऊच गरम वाफेतून आलंय. जंतू खरंच मेले का ते कळायला स्पोअर टेस्ट लागते, मरायला सगळ्यात चिवट अशा जंतूंची छोटी कुपी मशीनमध्ये ठेवायची आणि नंतर बघायचं त्यातलं काही जगलं का. ती आठवड्याला एकदा करावी असं म्हणतात. मी याआधी जिथे होते तिथे वर्षानुवर्षं एकदाही झाली नाही. काही ठिकाणी तर निळ्या लाईटच्या यूव्ही पेटीत अवजार ठेवलं की काम झालं असं समजतात, ती पेटी फक्त आधीच स्टराईल केलेलं सामान ठेवायला असते.

तमिळनाडूतली वाणियंबाडीची गोष्ट तुम्हाला माहिती असेलच. २०२३ मध्ये तिथल्या एका दातांच्या दवाखान्यात गेलेल्या लोकांना मेंदूचं इन्फेक्शन झालं आणि त्यातले आठ जण वारले. तपासात काय निघालं तर सलाईनची बाटली. स्टराईल न केलेल्या अवजाराने उघडायची, सैल बंद करायची आणि उरलेलं पुढच्या पेशंटला. ही बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या सगळ्या बाटल्या बघून आले. आमच्याकडे एक केस एक बाटली असा नियम आहे, पण तो आमच्या डॉक्टरांचा नियम आहे. दुसरीकडे अर्धी बाटली टाकून द्यायला जीवावर येतं, आणि ‘टाका ती’ म्हणायची हिंमत नव्या असिस्टंटला कुठून येणार, का टाकायची हेच तिला माहीत नसतं.

स्वतःचं पण सांगते. पहिल्याच वर्षी वापरलेली सुई डाव्या अंगठ्यात गेली. हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस घेतलेली नव्हती, अशी लस असते हेही माहीत नव्हतं. लस नसेल आणि पेशंट पॉझिटिव्ह असेल तर शंभरातल्या तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. मला काही झालं नाही, पण शेवटचा रिपोर्ट येईपर्यंतचे सहा महिने मी घरात माझं ताट वेगळं ठेवलं होतं. त्याची गरज नसते हे पण कोणी सांगितलं नाही.

१९४८ च्या डेंटिस्ट ॲक्टमध्ये डेंटिस्टची नोंद आहे, हायजिनिस्टची आहे, दात बनवणाऱ्या मेकॅनिकची आहे. असिस्टंट त्यात कुठेच नाही. कचऱ्याला २०१६ चे नियम आहेत, पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा, सगळ्याला बारकोड. वापरून झालेल्या सुईचा हिशोब सरकार ठेवतं, मग जे अवजार उद्या कोणाच्या तोंडात जाणार आहे त्याचाही ठेवावा एवढीच विनंती.

मोठं काही मागत नाही. सर्जरीत हात घालणाऱ्या प्रत्येक असिस्टंटला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची करा, मराठीत, हाताने करून दाखवायची परीक्षा. सीएसएमटीला सरकारी डेंटल कॉलेज आहे, कळव्याहून स्लो लोकलने आम्ही येऊ, रविवारी ठेवलंत तरी येऊ. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस आणि लस लागू पडली का ते बघणारी नंतरची अँटीबॉडी टेस्ट दवाखान्याच्या खर्चाने झाल्याशिवाय कोणाला सुईला हात लावू देऊ नका. आणि स्पोअर टेस्टचा ताजा रिपोर्ट बाहेर वेटिंगमध्ये लावायला सांगा, पेशंटला वाचता येईल असा. पाण्याचं पण बघा साहेब, ठाण्यात पाण्याचा शटडाऊन असला, म्हणजे नळाला पाणी नसलं की आम्ही सर्जरी पुढे ढकलतो, पण सगळे ढकलत नाहीत, टाकीच्या तळाच्या पाण्याने स्क्रब केलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

ट्रेनिंग सुरू झालं तर शिकवायला माणसं कमी पडतील असं कोणी म्हणालं तर माझं नाव लिहून घ्या. ती चष्मेवाली मुलगी आता चष्म्याला मागून दोरी बांधून येते, गाऊन चढवायच्या आधी मला दाखवते, ताई बघा घट्ट आहे ना.

आपली,
एक डेंटल असिस्टंट
कळवा, जि. ठाणे