खेळाचा तास गिळायचा आणि लाल दिवा लावायचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलांच्या चष्म्याचा नंबर रोखणाऱ्या लाल प्रकाशावरचा कालचा लेख वाचला. दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस यंत्रात डोळे लावून बसायचं. लेखिकेने इतकं गोड समजावलंय की आमच्या जावईबापूंनी रात्रीच यंत्राची किंमत शोधली. नात नऊ वर्षांची, नंबर मायनस पावणेदोन. बापाचा जीव आहे, शोधणारच.

पण ज्या चीनमध्ये हा उपचार फोफावला, तिथेच बारा वर्षांच्या मुलीच्या दृष्टिपटलाला पाच महिन्यांच्या वापरानंतर इजा झाल्याची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. जुलै २०२४ पासून तिथल्या सरकारने ही यंत्रं सर्वांत कडक तपासणीच्या वर्गात टाकली. लेखात यातलं अक्षर नाही. हसऱ्या बाळाच्या फोटोला मात्र पाव पान!

त्याच चीनमध्ये, ग्वांगझूच्या शाळांत, पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला. बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. लागलेला नंबर उन्हाने उतरत नाही, हे मलाही कळतं. धाकटा नातू पहिलीत आहे, त्याला तरी लागू नये, एवढंच.

पण नेणार कुठे? यांच्या शाळेत पीटीचा तास गणिताच्या बाईंनी घेतला, तो परत आलाच नाही. मधल्या सुट्टीत डबा वर्गातच खायचा. खिडक्यांना पडदे, का तर डिजिटल फळा नीट दिसावा! पालकसभेत मी विचारलं, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आजी, ऊन लागलं तर पालकच तक्रार करतात.” मागे बसलेल्या दोन आयांनी माना डोलावल्या. मैदानावर त्या संध्याकाळी लग्नाचा मांडव पडत होता. मांडवाला ऊन चालतं वाटतं.

जावईबापूंना मी सांगितलंय, आधी मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, मग हप्ते भरा. ऐकतील तेव्हा खरं.

आणि हो, मे महिन्यापासून तुमच्या शब्दकोड्याचा टाईप इतका बारीक झालाय की आडवे शब्द मी भिंगाने वाचते आणि उभे सोडून देते. याबद्दल दोन पोस्टकार्डं पाठवली होती.

आपली,
एक आजी, डोंबिवली (पूर्व)